आयर्नची सलाईन लावायची असन तर पहिली दहा मिनिटं पाहा, एसी-बिसी नंतर

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यात वहिनीला आयर्नची सलाईन लावली, त्याचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, काहून की खाली तक्रारी पण आहेत अन् गावं लहान असतात. पाचपैकी साडेतीन स्टार देतो. त्यातले दोन तर एकट्या सिस्टरबाईचे, ते काहून ते पुढे येईलच. माझं गावात मेडिकल आहे त्यामुळे औषधाचं थोडंफार कळते, पण डॉक्टर मी नाही, तसं समजूनच वाचा.

तर वहिनीचं हिमोग्लोबिन निघालं ७.१ अन् फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगते ते) ६. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की डब्ल्यूएचओच्या हिशोबात अ‍ॅनिमिया, अन् गरोदर नसलेल्या बाईचं ८ च्या खाली गेलं की सिव्हिअर. म्हणजे ही बाई सिव्हिअर अ‍ॅनिमियात रोज कापूस वेचायला जात होती अन् घरात सगळे म्हणत होते की उन्हानं थकवा येते. पाळीत खूप जाते हे तिनं कोणाला सांगितलंच नाही. पकडलं कोणी, तर पोरीनं. तिच्या पाटीवरच्या लेखणी संपून राहिल्या होत्या, अन् आईच खाऊन राहिली होती! लेखण, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी झाल्याचं लक्षण असते हे आपल्याकडे अजूनही लोकांना "वाईट सवय" वाटते. अन् हे एका घरचं नाही बरं, २०१९–२१ च्या सरकारी आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांच्या वर अ‍ॅनिमियात निघाल्या होत्या.

गोळ्या देऊन पाहिल्या. ६० मिलीग्रॅमची सरकारी गोळी चांगलीच आहे, पण वहिनीचं पोट दुखे, मळमळ होये, सकाळी वावरात जायची घाई, गोळी डब्यातच राहे. मग डॉक्टर म्हणाले सलाईनमधून देऊ.

इथं दवाखान्याला पहिला मार्क. त्यांनी लगेच बाटली नाही लावली. आधी सिकलसेलची (घराण्यातून येणारा लाल पेशींचा आजार) टेस्ट केली, एचपीएलसी (हिमोग्लोबिन कोणत्या जातीचं आहे ते सांगणारी तपासणी) सकट. विदर्भात हे पाहायलाच पाहिजे, काहून की सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन कमी असते म्हणून त्याला लोहच कमी आहे असं नसते, उलट वारंवार रक्त चढवलेल्या पेशंटच्या अंगात लोह साचलेलं असते अन् त्यात आपण वरून अजून टाकलं तर लिव्हरची वाट लागते. थॅलेसेमिया मायनर (हा पण घराण्यातूनच येणारा रक्ताचा दोष) असला तर पेशी लहान दिसतात अन् लोह मात्र भरपूर असू शकते. जंताची गोळी दिली, अनवाणी वावरात जाणाऱ्याला हुकवर्म असतोच असं धरून चाला. पाळीत खूप जाते म्हणून सोनोग्राफी करायला लावली. नाहीतर काही ठिकाणी बोटातून रक्त काढलं, मशीनवर आकडा पाहिला अन् लाव सलाईन, असं चालते.

दुसरा मार्क यासाठी की पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला परत पाठवलं. वहिनीला ताप होता, खोकला होता. भाऊ चिडला, "एवढ्या दूर आलो, मजुरी पाडली, अन् हे म्हणते उद्या-परवा या." पण डॉक्टरचं बरोबर होतं. जंतूंनाही वाढायला लोह लागते, म्हणून इन्फेक्शन झालं की आपलं शरीर लोहाची तिजोरी बंद करून टाकते. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडते, त्यानं पेशींमधून लोह बाहेर पडायचे दरवाजे बंद होतात. अशा वेळी बाहेरून लोह भरलं तर ते पेशंटच्या कामी येत नाही अन् जंतूच्या कामी यायची भीती असते. ताप उतरल्यावर गेलो.

आता बाटलीबद्दल. औषध होतं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. बोलायला कठीण आहे, मेडिकलवाले एफसीएम म्हणतात. शिशीतलं पाणी गडद तपकिरी, अपारदर्शक. ते नॉर्मल सलाईनच्या १०० मिलीत टाकलं. डेक्स्ट्रोजमध्ये टाकायचं नसते, हे लक्षात ठेवा. हिशोब असा लावला: वजन ४८ किलो, हिमोग्लोबिन १५ पर्यंत न्यायचं धरून १५ मधून ७.१ वजा केले तर ७.९, त्याला वजनानं अन् मग २.४ नं गुणायचं अन् साठ्यासाठी वरून ५०० मिळवायचे, झाले १४१० मिलीग्रॅम. म्हणजे १५०० धरून ५००-५०० च्या बाटल्या, हप्त्या-हप्त्यानं. एका वेळी अन् एका हप्त्यात १००० च्या वर देत नाहीत, अन् सलाईनमधून देताना किलोमागे २० च्या वर नको. जुनं आयर्न सुक्रोज असतं तर २००-२०० नं किती चकरा झाल्या असत्या. मजुरी पाडून येणाऱ्या बाईला हा फरक लय मोठा आहे.

हे पाणी म्हणजे विरघळलेलं लोखंड नाही, नॅनो कण आहेत. आमच्याकडे नॅनो म्हटलं की लोकांना कृषी केंद्रातली नॅनो युरियाची बाटली दिसते, पण दवाखान्यात हे नॅनोवालं काम लय जुनं आहे, फक्त बोर्डावर तसं लिहीत नाहीत. प्रत्येक कणाच्या मधात लोहाचा गाभा अन् वरून साखरेच्या जातीच्या कर्बोदकाचं कवच. आकार काही नॅनोमीटरपासून वीसेक नॅनोमीटरपर्यंत, अन् माणसाचा केस असतो ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड. कवच काहून? तर मोकळं लोह रक्तात एकदम सोडलं तर ते विषासारखं काम करते, पेशींना जाळते. कवच असलं की लोह हळूहळू सुटते.

अन् आता जे मला लय आवडलं ते. हे कण रक्तात गेले की सरळ हिमोग्लोबिनमध्ये जाऊन बसत नाहीत. त्यांना आधी आपल्या इम्युनिटीच्या पेशी खातात! लिव्हर, प्लीहा अन् हाडाच्या मगजात मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी बसलेल्या असतात, बाहेरचं काही दिसलं की गिळायचं हे त्यांचं काम. १८८२ मध्ये मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पिल्लाला काटा टोचून पाहिला होता, तर पेशी काट्याभोवती गोळा झाल्या, त्यावरून त्यानं भक्षणाचा सिद्धांत मांडला, १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण या पेशी फक्त पहारा देत नाहीत, शरीरातले भंगारवालेही त्याच आहेत. लाल पेशी १२० दिवसांत म्हातारी होते, ती हे घेतात, फोडतात, त्यातलं लोह काढतात अन् परत बाजारात सोडतात. रोज २० ते २५ मिलीग्रॅम लोह असं फिरते, खाण्यातून तर जेमतेम १–२ मिलीग्रॅम अंगी लागते. म्हणजे या औषधानं मोठं डोकं लावलं आहे, लोह सरळ त्याच भंगारवाल्याच्या दुकानात नेऊन टाकलं. त्यानं कवच फोडायचं, फेरोपोर्टिन नावाच्या दारातून लोह बाहेर काढायचं, तिथं ट्रान्सफेरिन प्रोटीन ते उचलते अन् मगजात पोचवते, तिथं नवीन लाल पेशी बनतात.

म्हणजे काय तर ही ट्रीटमेंट चालतेच इम्युनिटीच्या भरवशावर. अन् म्हणूनच गडबड झाली तर तीही तिथूनच होते. नॅनो कण रक्तात शिरल्याबरोबर त्याच्यावर रक्तातल्या प्रोटीनचा थर बसते, अन् मग शरीर त्या कणाला नाही, त्या थराला ओळखते. कोणतं प्रोटीन चिकटलं त्यावर ठरते की पेशी त्याला गुपचूप गिळून घेईल की बोंब मारेल. बोंब मारणारी टीम म्हणजे कॉम्प्लिमेंट, रक्तात तीसेक प्रोटीनची साखळी कायम तयार असते, एक चालू झालं की पुढचं चालू होते. त्यातून सी३ए, सी५ए असे तुकडे निघतात अन् ते मास्ट पेशींना जागं करतात, त्यातून हिस्टामिन सुटते, मग चेहरा लाल, छाती भरल्यासारखी, पाठीत-कमरेत कळ.

हेच वहिनीला झालं.

सिस्टरबाईनं आधी साधं सलाईन थोडं सोडून सुई नसेतच आहे का ते पाहून घेतलं होतं. (हे लय महत्त्वाचं आहे, औषध नसेच्या बाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडते अन् तो कायम राहू शकते. बाजूच्या बेडवरच्या बाईच्या कोपरापाशी तळहाताएवढा डाग होता, दुसरीकडून लावून घेतलेला.) मग बाटली जोडली, नळीतून तपकिरी रेघ खाली सरकत सरकत हातापाशी आली. सिस्टरनं चाक इतकं आवळलं होतं की थेंब मोजता येत होते, अन् ती उठून नाही गेली. स्टूल ओढलं अन् बसली. चार-पाच मिनिटं झाली असतील तर वहिनी म्हणे, "भाऊजी, छातीवर कोणं दगड ठेवला का हो?" चेहरा अन् गळा लाल झाला. मी घाबरलो, भाऊ तर बाहेर डॉक्टरच्या नावानं ओरडून राहिला होता. सिस्टर उठली पण नाही, एका हातानं चाक बंद केलं, दुसऱ्या हातानं बीपीचा पट्टा बांधला, ओठ-जीभ पाहिली, श्वासात सूं-सूं येते का ते ऐकलं, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. बीपी ठीक. मग वहिनीला म्हणे, "काही नाई होत बाई, थांबवलं मी, लंबा श्वास घे." अन् आम्हाला म्हणे तुम्ही दोघं बाहेर चाला.

दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप उतरलं. डॉक्टर आले, पाहिलं, अन् तीच बाटली अजून कमी स्पीडनं परत चालू केली. काहीच झालं नाही, आरामात गेली.

आता बरेच जण म्हणतील की ही अ‍ॅलर्जी होती अन् परत काहून लावलं. नाही. खऱ्या अ‍ॅलर्जीत, म्हणजे आयजीई नावाच्या अँटिबॉडीमुळे होते त्यात, आधी कधीतरी त्या वस्तूशी गाठ पडलेली असावी लागते, अन् मग थोडंसं औषध गेलं तरी बीपी पडते, गळा सुजते, अंगावर गांधी उठतात. ती फार कमी लोकांना होते पण झाली तर जीवावर येते, तिथं अ‍ॅड्रेनलिनच द्यावं लागते अन् बाटली परत लावायची नसते. वहिनीला झालं ते वेगळं, पहिल्याच वेळी होते, स्पीडवर अवलंबून असते, थांबवलं की उतरते. नॅनो औषधांमध्ये हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसते. कॅन्सरचं लिपोसोमवालं (चरबीच्या बारीक फुग्यात भरलेलं) डॉक्सिल, जे अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, त्याच्यातही पहिल्याच बाटलीला काही पेशंटला असंच होये अन् त्यावर इलाज पण हाच, हळू सोडा. आता असं मानतात की आयर्नच्या बहुतेक रिअ‍ॅक्शनमागे हे कॉम्प्लिमेंटच असते. तर दोन स्टार सिस्टरला याच्यासाठी. घाई केली असती तर वाढलं असतं, घाबरून औषध फेकून दिलं असतं तर वहिनीचं लोह राहिलं असतं अन् फाईलवर "आयर्नची अ‍ॅलर्जी" असा शिक्का जन्मभरासाठी लागला असता.

आता तक्रारी.

पहिली, बाजूच्या बेडवर लावायच्या आधीच सरसकट एव्हिल (खाज-गांधीवर देतात ते) अन् हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉईड) मारून राहिले होते, "सेफ्टीसाठी". वहिनीला पण मारणार होते, मी विचारलं म्हणून डॉक्टरनं राहू दिलं. या जुन्या जातीच्या अँटिहिस्टामिननं झोप येते, बीपी उतरू शकते, चेहरा लाल होऊ शकते, म्हणजे मग रिअ‍ॅक्शन औषधाची की एव्हिलची हेच कळत नाही. आयर्नच्या अशा हलक्या रिअ‍ॅक्शनमध्ये तर ते द्यायचंच नाही असं आता जाणकार सांगतात. पण आपल्याकडे एव्हिलशिवाय कोणतीच बाटली पूर्ण वाटत नाही लोकांना.

दुसरी, एक नवीन पोट्टा डॉक्टर टेस्ट डोस (आधी थोडंसं औषध देऊन पाहायचं) देऊ म्हणत होता. ती पद्धत जुन्या आयर्न डेक्स्ट्रानच्या काळातली आहे. युरोपच्या औषध संस्थेनं २०१३ मध्येच सांगितलं की टेस्ट डोसवर भरवसा ठेवू नका, तो व्यवस्थित गेला तरी पुढच्या बाटलीत रिअ‍ॅक्शन येऊ शकते. त्याऐवजी प्रत्येक वेळी, संपल्यावर कमीत कमी ३० मिनिटं पेशंटवर नजर ठेवा अन् इमर्जन्सीचं सामान अन् माणूस जवळ ठेवा.

अन् तिसरी तक्रार तीच, अर्ध्या तासाची. बाटली संपली तसं काउंटरवरून हाक आली की बेड खाली करा, दुसरा पेशंट उभा आहे. अरे बापा, कोविडच्या लसीला आपण सगळे झेडपी शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्चीवर अर्धा तास बसलो ना, तेव्हा कोणी उठवलं नाही, इथं काहून? मी भांडलो, मग बाकावर बसवलं. बाकाजवळ ना बीपीचं मशीन ना कोणी पाहायला. यासाठी एक स्टार पूर्ण कापला.

उरलेला अर्धा असा गेला की पुढे काय होऊ शकते ते काहीच सांगितलं नाही. एफसीएममध्ये एक भानगड आहे, त्यानं एक हार्मोन वाढते अन् किडनी रक्तातलं फॉस्फेट लघवीतून सोडून देते. बहुतेकांना कळत पण नाही, पण परत परत घेतलं तर थकवा, हाडं दुखणं होऊ शकते. पेशंटला वाटते रक्त अजून भरलंच नाही अन् अजून एक बाटली लावा म्हणते. म्हणून दोन बाटल्यानंतरही हात-पाय दुखत असतील तर फॉस्फेट तपासायला सांगा.

बिल ठीक होतं, औषध वेगळं, बेड चार्ज वेगळा, पक्की पावती मागितली तर दिली. संडास खराब. एसी आहे पण लावत नाहीत, त्याचं मला काही नाही.

एक मात्र कळकळीनं लिहितो. आमच्याकडे अजूनही घरी बोलावून सलाईन लावून घेतात, भिंतीत खिळा ठोकायचा अन् त्याला बाटली टांगायची, लावणारा माणूस पैसे घेऊन दुसऱ्या घरी निघून जाते अन् बाटली संपली की सुनबाई सुई काढते. ग्लुकोजची चालून गेली असन म्हणून आयर्नची पण तशीच लावायची नाही. माझ्या दुकानात लोक येतात, "ते लाल रक्ताचं इंजेक्शन द्या, घरीच लावतो." मी देत नाही, रागावतात, दुसरीकडून घेतात. वर जे सांगितलं ना की थेंब आवळून कोणी बाजूला बसलं होतं, तेच घरी नसते. ते कण शरीरात गेले की पुढचं तुमच्या अंगातल्या पेशी ठरवतात, आपल्या हातात फक्त ते चाक असते. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत तर आयर्नची सलाईन द्यायचीच नाही, हे पण लक्षात ठेवा.

पैसे नसतील तर सरकारी दवाखान्यात पण विचारा, आयर्न सुक्रोज अन् काही ठिकाणी एफसीएम पण मिळते, अ‍ॅनिमियामुक्त भारत या सरकारी योजनेत सिव्हिअर अ‍ॅनिमियावाल्या गरोदर बाईसाठी ते धरलेलं आहे. चकरा जास्त होतील एवढंच.

रिझल्ट म्हणाल तर महिन्याभरानं तपासलं, ७.१ चं १०.४ झालं. अंगावरून जाणं थांबवायची ट्रीटमेंट वेगळी चालू आहे, ते नाही थांबलं तर हे सगळं परत खाली येणार हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. लेखण खाणं मात्र पहिल्या बाटलीनंतरच सुटलं, अन् आता पोरगी मुद्दाम आईसमोर लेखण धरून "खातं का?" म्हणून चिडवते.

बाकीच्या बाटल्या पण तिथंच लावल्या, त्याच सिस्टरची ड्यूटी विचारून. तुम्ही गेले तर आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दी असते अन् बेडवरून लवकर उठवतात. सकाळी साडेनऊच्या आत नंबर लावा, काही खाऊन जा, जुने रिपोर्ट घरूनच झेरॉक्स करून न्या, त्यांचं मशीन बहुतेक बंदच असते.